चिनी दुकानातील चाकरमानी

सुवर्णमहोत्सवी ग्रंथ म्हटला की त्यात मंडळाच्या स्थापनेचा वृत्तान्त, गणेशोत्सवाच्या आठवणी, नाट्यशाखेची वाटचाल आणि ह्या शहरात येऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यांची माहिती यावयाचीच. ही कामे आमच्यापेक्षा अधिकारी लेखण्यांनी केली आहेत. आम्ही संपादक मंडळाची अनुज्ञा घेऊन थोडे शेजाऱ्याच्या अंगणात डोकावत आहोत. कलकत्त्याच्या, म्हणजे २००१ पासून ज्याला कोलकाता म्हणावयाचे त्या शहराच्या, जुन्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांनी दुर्गापूजेच्या आधी बेंटिंक स्ट्रीटवरील चिनी दुकानातून मुलांचे बूट घेतलेले असतात आणि पगारानंतरच्या पहिल्या रविवारी टांगऱ्यास जाऊन जेवलेले असते. घरी कांदा-लसूण न शिजणाऱ्या मंडळींनीदेखील तेथे डोळे मिटून हक्का नूडल्स खाल्ल्याचे आम्ही जाणतो. नावे सांगत नाही.

आमचे उभे आयुष्य केंद्र सरकारच्या आस्थापना शाखांत गेले. त्यामुळे कोठेही गेलो की मंजूर पदे किती, भरलेली किती आणि हंगामी माणसे किती, हे मनाशी मोजण्याची खोड जडली आहे. १९९० च्या दशकात बदलीवर ह्या शहरी आलो तेव्हा चिनी दुकानांतही आमची नजर प्रथम तिकडेच गेली. दुकान चिनी, मालक चिनी, एवढे आपण पाटीवरून ताडतो. परंतु गल्ल्यावर कोण बसते, मागच्या खोलीत टाके कोण घालते, भट्टीपुढे कोण उभे राहते आणि त्या माणसास तेथे कोणी आणले, हे पाटी सांगत नाही. इतिहासातही मालकाचे नाव टिकते. नोकराचे नाव हजेरीपटाबरोबर रद्दीत जाते. ही रद्दी थोडी चाळून पाहावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

गंमत अशी की कलकत्त्याच्या चिनी वस्तीच्या इतिहासाचे पहिले पान नोकरांविषयीच्या तक्रारीनेच उघडते. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, १७७८ च्या सुमारास, आच्यू नावाचा एक चिनी उद्योजक बंगालमध्ये आला. बजबजनजीक हुगळीच्या काठी त्यास जमीन मिळाली. तेथे त्याने उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना घातला आणि काम करावयास स्वदेशाहून शंभराहून अधिक माणसे करारावर आणली. त्या गावास अजून आचिपूर म्हणतात. आच्यूची घोड्याच्या नालाच्या आकाराची तांबडी समाधी तेथे आहे व चिनी नववर्षाच्या सुमारास कलकत्त्याचे चिनी लोक तिच्या दर्शनास जातात. तर ह्या आच्यूने १७८१ साली कंपनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले. मकावच्या जहाजांवरून पळून आलेले काही चिनी खलाशी कलकत्त्यात राहत, ते आपल्या करारबद्ध माणसांना फितवून शहरात नेतात, अशी त्याची तक्रार होती. कंपनीने आच्यूस पाठबळ देणारी जाहीर सूचना काढली. आच्यू थोड्याच वर्षांत वारला, कारखाना बसला, आणि मजूर शहरात आले ते आलेच. १७८८ च्या पोलिसी अहवालात बहूबाजारच्या आसपास चिन्यांची वस्ती असल्याचा उल्लेख आहे. १८३७ च्या मोजणीत ३६२ चिनी भरले. मालकाचे नाव गावास मिळाले खरे, परंतु शहरातली वस्ती उभी राहिली ती बव्हंशी सोडून गेलेल्या नोकरांची.

पुढील शंभर वर्षांत जी माणसे आली, ती बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून आली. कँटनकडचे लोक सुतारकामात व गोद्यांत शिरले. हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधील एक वेगळी बोली बोलणारे कष्टाळू लोक, चामड्याच्या व बुटांच्या धंद्यात गेले. हूबे प्रांतातले लोक दातांचे वैद्य झाले आणि शांटुंगचे लोक खांद्यावर रेशमाची गाठोडी घेऊन दारोदार फिरले. धंदा आणि गाव ह्यांची अशी जोडी जुळण्याचे कारण जातिबंधनासारखे काही नव्हते. पहिला आलेला मनुष्य ज्या धंद्यात शिरला, त्यात तो आपला पुतण्या, मेहुणा व गाववाला आणू शकत होता, इतकेच. नोकरी लावून देणारा जामीनही तोच असे. पोराने गल्ल्यात हात घातला तर लाज गावच्या घराची जाई, म्हणून मालकास शिफारसपत्राची गरज भासत नसे.

ह्या व्यवस्थेचे घर म्हणजे त्यांच्या ग्रामसंस्था. टिरेटा बाजाराच्या गल्ल्यांतून हिंडताना 'चर्च' अशी पाटी वाचून आत गेलेल्या नवख्या माणसास येशू ख्रिस्ताऐवजी क्वान-ती किंवा क्वान-यिन ह्या दैवतांचे दर्शन घडते. इंग्रजी अमदानीत प्रार्थनास्थळ ह्या अर्थाने तो शब्द चिकटला. वर देऊळ व खाली नव्याने आलेल्यास पथारी टाकावयास जागा, अशी ह्या वास्तूंची योजना असे. काम मिळेपर्यंत तेथे राहावे, कोठे माणूस हवा आहे ते कानावर घ्यावे, आजारी पडल्यास औषध घ्यावे आणि मेल्यास तेथल्याच लोकांच्या खांद्यावरून जावे. मराठी वाचकास हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईत धोबीतलावकडे गोव्याच्या गावांनी चालवलेले कूड आणि लालबाग-परळकडे कोकणातल्या गावकऱ्यांनी सामायिक भाड्याने घेतलेल्या खोल्या हे ह्याच झाडाचे दुसरे रोप. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत गोव्याचा खलाशी कुडात ट्रंक ठेवी, तसाच कँटनचा सुतार सी-इपच्या देवळाखाली आपली करवत ठेवी. सी-इप म्हणजे चार तालुके. त्याच चार तालुक्यांच्या लोकांनी १९१९ साली मुंबईस माझगावात एक देऊळ बांधले, तेही सी-यूप ह्याच नावाने ओळखले जाते. कलकत्ता व मुंबई ह्या दोन बंदरांच्या चिनी वस्त्या एका नावाने अशा बांधल्या गेल्या आहेत.

आता बेंटिंक स्ट्रीटच्या बुटांच्या दुकानात शिरू. दर्शनी भागात काचेची कपाटे, त्यामागे पडदा किंवा फळ्यांची भिंत, तिच्या आड कारखाना आणि वर माळ्यावर संसार, अशी ह्या दुकानांची जुनी रचना होती. घरधनी कातडे पारखून आणी व मापे काढी. घरधनीण गल्ल्यावर बसे, गिऱ्हाइकाशी हिंदी-बंगालीत घासाघीस करी आणि मधूनच माळ्यावर जाऊन भाताखालचा जाळ कमी करून येई. मुले शाळेतून आली की खोकी लावीत. मात्र पडद्याआड खाली मान घालून बसलेले कारागीर बहुधा चिनी नसत. ते असत बिहारकडचे मोची. मजुरी जोडीमागे ठरे व पूजेच्या आधीचे दोन महिने रात्रीचा दिवस होई.

टांगऱ्याच्या चामड्याच्या कारखान्यांत ही वाटणी अधिकच उघड दिसे. हक्का लोकांनी १९१० च्या सुमारास शहराच्या पूर्व कडेच्या ह्या दलदलीत कारखाने घातले व भरभराटीच्या काळात त्यांची संख्या तीनशेच्या आसपास गेली. हिंदु समाजात कातडे कमावणे हलके मानले जाई म्हणून वरच्या जाती ह्या धंद्यात उतरल्या नाहीत व चिन्यांस रान मोकळे मिळाले, असे सर्वत्र लिहिले जाते, व ते खरेही आहे. परंतु त्या वाक्याचा उत्तरार्ध क्वचितच लिहिला जातो. चुन्याच्या हौदात उतरून ओली कातडी उपसणारे हात होते बिहारमधून आलेल्या चर्मकार समाजाच्या मजुरांचेच. त्यांची वस्ती कारखान्यातच वा लगत, कुटुंबे गावी, आणि वर्षाकाठी एकदा पेरणीस वा लग्नसराईस जावयाचे. एलन ऑक्सफेल्ड ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९८० च्या दशकात टांगऱ्यात राहून ह्या समाजाचा अभ्यास केला व १९९३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चिनी उद्योग कुटुंबाच्या बळावर चालतो, हे त्यात फार बारकाईने दाखवले आहे. आम्ही आमच्या पदरचे एवढेच घालतो, की कुटुंबाचे बळ हिशेब, विश्वास व देखरेख ह्यांसाठी खर्च होई. अंगमेहनतीचे बळ विकतच घ्यावे लागे. जातीने ज्यास हौदात ढकलले होते तो हौदातच राहिला, फक्त काठावरचा मालक बदलला. चिनी मालकास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याने तो नियम केला नव्हता, तो त्यास तयार मिळाला.

आणि गल्ल्यावरच्या त्या घरधनिणीचे काय? आमच्या खात्यातला मनुष्य प्रथम कायदा काढून पाहतो. दुकानांतील नोकरांच्या कामाचे तास, सुट्टी व रजा ठरवणारा कायदा प्रथम मुंबई प्रांताने १९३९ साली केला व बंगालने १९४० मध्ये. १९४८ च्या मुंबईच्या कायद्यात नोकर ह्या शब्दाची व्याख्या पाहावी. उमेदवार शिकाऊ मुलगा तीत येतो. मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती येत नाही. म्हणजे चौदा तास दुकान सांभाळणारी बायको, रात्री बुटांस पॉलिश करणारा मुलगा व खोक्यांवर नंबर चिकटवणारी सून ही कायद्याच्या लेखी नोकरच नव्हेत. चिनी दुकान स्वस्त का विकू शकते, ह्याचे उत्तर त्याच्या जोडीचे व्यापारी नाना प्रकारे देत. खरे उत्तर बरेचसे ह्या व्याख्येत होते. (मराठी खानावळीही ह्याच व्याख्येवर जगल्या, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) १९३४ मध्ये बाटानगर वसल्यानंतर यंत्राच्या बुटांशी टक्कर देऊन बेंटिंक स्ट्रीट पुढे अनेक वर्षे टिकला, तो पायाचे माप घेण्याच्या कौशल्यावर आणि ह्या बिनपगारी माणसांवर.

हे सर्व १९६२ साली एका हिवाळ्यात मोडले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्धास तोंड फुटले, २६ ऑक्टोबरला आणीबाणी पुकारली गेली आणि त्यापाठोपाठ परकीयांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही, साधे बी. ए. आहोत, परंतु कलमे वाचणे हा आमचा पोटाचा धंदा आहे. भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचा नागरिक स्वतः मनुष्य असो, वा त्याच्या आईबापांपैकी, किंवा आजा-आजींपैकी कोणीही एक पूर्वी कधीतरी त्या देशाचा नागरिक वा प्रजाजन राहिलेला असो, त्यास परकीयांचे निर्बंध लागू होतील, असा त्या दुरुस्तीचा अर्थ होता. येथे जन्मलेला, येथल्या शाळेत शिकलेला, चीन देश नकाशाखेरीज न पाहिलेला तरुण आजाच्या जन्मगावामुळे परकीय ठरला. युद्धकाळात राज्यास कठोर व्हावे लागते हे आम्ही नाकारीत नाही; त्याच राज्याचे अन्न आम्ही खाल्ले आहे. तथापि ज्या कलमात संशयासाठी कृत्य लागत नाही, रक्त पुरते, ते कलम लिहिणाऱ्याच्या हाताखाली बसावयाची पाळी आमच्यावर आली नाही, ह्याबद्दल आम्ही दैवाचे आभार मानतो.

आसाम, दार्जिलिंगकडचा मुलूख व इतर ठिकाणांहून सुमारे तीन हजार माणसे, म्हातारे व तान्ही मुले धरून, आगगाडीने राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेण्यात आली. ह्याच देवळीस १९४० नंतरच्या वर्षांत ब्रिटिशांनी जयप्रकाश नारायण व आपले कॉम्रेड डांगे ह्यांस डांबले होते. मराठी वाचकास हे नाव त्या संदर्भात परिचित असेल. १९६३ मध्ये तीन जहाजांतून सुमारे २,४०० माणसे मद्रासहून चीनला गेली. उरलेल्यांची सुटका हळूहळू झाली. काहींस १९६७ पर्यंत तेथे राहावे लागले. परत येऊन पाहतात तो कित्येकांची दुकाने गेलेली व सामान लिलावात निघालेले. आसामात माकुमची चिनी वस्ती अशीच उजाड झाली. रीटा चौधुरी ह्यांनी १९ व्या शतकातील चहामळ्यांच्या चिनी मजुरांपासून ह्या हद्दपारीपर्यंतची कथा 'माकाम' ह्या असमिया कादंबरीत मांडली आहे.

कलकत्त्यात सर्रास धरपकड झाली नाही, परंतु नोकऱ्या गेल्या. गोद्यांत व मोठ्या कंपन्यांत चिनी सुतारास व फिटरास ठेवणे मालकांस अवघड वाटू लागले. बँक ऑफ चायनाच्या कलकत्ता व मुंबई येथील शाखा बंद करण्यात आल्या, त्याबरोबर व्यापाराची पतही आटली. परकीय नोंदणी कार्यालयात हजेरी लावल्याखेरीज व अनुज्ञेखेरीज शहराबाहेर मुक्कामास जाता येईना. फिरतीची नोकरी ह्या माणसास कोण देणार? ह्या निर्बंधांचा एक परिणाम असा झाला, की दुसऱ्याकडे नोकरी करण्याची वाट बुजली आणि घरच्या घरी, चार भिंतींच्या आत, गिऱ्हाईक आपल्याकडे येईल असा धंदा करणे तेवढे उरले. केशकर्तनालये व सौंदर्यगृहे चिनी स्त्रियांनी चालवली, धुलाईची दुकाने चालली, टांगऱ्याचे कारखाने चालू राहिले आणि उपाहारगृहे वाढली. चिनी माणूस म्हणजे स्वयंपाकी, हे समीकरण ह्या शहरात मूळचे नव्हे. जुन्या काळी चिनी माणूस म्हणजे सुतार वा मोची. नानकिंगसारखे नामांकित चिनी उपाहारगृह टिरेटा बाजारात १९२० च्या दशकापासून होते हे खरे, परंतु संपूर्ण जमात कढईकडे वळली ती पुढे, आणि त्यात निवडीपेक्षा निरुपायाचा भाग मोठा होता.

टांगऱ्याचे शेवटचे वळण न्यायालयाने घेतले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणास्तव तेथील चामड्याचे कारखाने हलवण्याचा आदेश दिला व शहराबाहेर बांतला येथे त्यांची सोय करण्यात आली. हौदांच्या जागी टेबले आली. कित्येक कारखान्यांचे रूपांतर भोजनगृहांत झाले. ज्या फाटकातून बैलगाड्या कातडी घेऊन शिरत त्या फाटकावर तांबडे कंदील लागले. दुर्गंधी ओसरली, हे आम्ही स्वतःच्या नाकाने अनुभवले आहे. बिहारचे मजूर काही बांतल्यास गेले, काही गावी परतले.

मात्र नव्या टेबलांभोवती माणसे कोणती होती? हाच आमच्या विषयाचा गाभा होय. आम्ही पाहिलेल्या बहुतेक भोजनगृहांत गल्ल्यावर घरचे वडील माणूस किंवा सून बसलेली असे. प्रथम प्रथम कढईवरही घरचाच मनुष्य उभा राही, कारण चव हीच दुकानाची पुंजी. वाढपी मात्र आरंभापासून बाहेरचे. त्यांस बंगाली, हिंदी व कामापुरते इंग्रजी यावे लागे, आणि ते बंगाली, बिहारी वा नेपाळी असत. आतल्या दालनातील नोकरीची पायरी ठरलेली असे. नव्या पोराने भांडी घासावी व लसूण सोलावी. मग आले व कोबी चिरण्याचे काम, त्यात बोटे कापून घेऊन हात बसे. मग नूडल्स उकडणे व तेल लावून पसरणे, मग तळण, आणि कित्येक वर्षांनी कढई. कढईखालच्या भट्टीचा आवाज एवढा, की हाक ऐकू येत नाही; मागणीची चिठ्ठी नजरेने वाचावी लागते. मालक पाककृती सांगत नसे व लिहून ठेवीत नसे; पाहून शिकावे लागे. संगीताच्या घराण्यात पूर्वी असेच चाले म्हणतात. फरक इतका, की येथे उस्तादाची मुले गाणे सोडून निघून गेली.

ती गेली प्रामुख्याने कॅनडास. १९६२ नंतर सुरू झालेला हा ओघ पुढील दशकांत वाढत गेला. एके काळी ज्यांची संख्या काही हजारांनी मोजली जाई, त्या कलकत्त्याच्या चिनी समाजात आज दोन-अडीच हजारांवर माणसे नसावीत असे त्यांचेच लोक सांगतात. टोरांटो शहरात 'हक्का' ह्या नावाने चालणारी भोजनगृहे ह्याच लोकांची. तेथे मिळते ते कलकत्त्याचे चिली चिकन आणि खावयास येतात ते बव्हंशी भारतीय उपखंडातले लोक. मुले तिकडे गेल्यावर टांगऱ्याच्या कढया ज्यांनी वीस वर्षे लसूण सोलली होती त्यांच्या हाती आल्या.

ह्याच पिढीत कलकत्त्याचा हात मुंबईस पोहोचला. नेल्सन वाँग हे कलकत्त्यात जन्मलेले चिनी तरुण १९७० च्या दशकात मुंबईस गेले. खिशात २७ रुपये होते असे ते सांगत. पडेल ते काम करीत त्यांनी कुलाब्यास एका भोजनगृहात साहाय्यकाची नोकरी धरली आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात, काहीतरी नवे करा अशा गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून, आले-लसूण-हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोयाचा रस व मक्याचे पीठ घालून चिकन मांचुरियन सिद्ध केले. मांचुरियाचा त्याच्याशी संबंध नाही हे सांगणे नलगे. तेव्हापासून मांचुरियन, शेजवान व त्रिगुणात्मक म्हणजे 'ट्रिपल' राइस ह्यांनी महाराष्ट्र पादाक्रांत केला. सावंतवाडीपासून नागपूरपर्यंत संध्याकाळी तांबड्या अक्षरांच्या गाड्या उभ्या राहतात. त्यांवर चिनी भेळही मिळते. त्या गाडीवर चिनी मनुष्य शोधून सापडावयाचा नाही.

सापडत नाही म्हणूनच एक विचित्र नोकरी निर्माण झाली. तिला आम्ही चेहऱ्याची नोकरी म्हणतो. चिनी जेवण चिनी दिसणाऱ्या माणसाने वाढावे अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा, म्हणून मोठ्या शहरांतील भोजनगृहांच्या मालकांनी नेपाळ, दार्जिलिंग, मिझोराम, मणिपूर, नागालँड येथील तरुण-तरुणींस दारात व टेबलाशी उभे केले. नोकरी मिळाली, ह्यात दुःख मानण्यासारखे काही नाही. परंतु ज्या चेहऱ्याबद्दल आत पगार मिळतो, त्याच चेहऱ्याबद्दल बाहेर रस्त्यावर शिवी मिळते. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया दिल्लीच्या लाजपतनगरात झालेल्या मारहाणीनंतर मरण पावला. प्रकरणाची सुरुवात त्याच्या दिसण्यावरून झालेल्या चेष्टेने झाली होती. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. मार्च २०२० मध्ये, महामारीच्या आरंभी, ईशान्येच्या लोकांस रोगाच्या नावाने हिणवण्याचे प्रकार घडले, तेव्हा गृहमंत्रालयास त्याविरुद्ध राज्यांस सूचना धाडाव्या लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानच्या चकमकीनंतर टांगऱ्याच्या चिनी लोकांनी भारतीय सैन्याच्या पाठिंब्याचे फलक घेऊन मोर्चा काढला. इतर कोणा भारतीयास त्या आठवड्यात आपण कोणत्या बाजूचे हे फलकावर लिहून दाखवावे लागले नाही. ते लिहून घेणारा हुकूम ह्या वेळी कोणी काढला नव्हता. १९६२ ची आठवण तेवढी पुरली.

परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचा अनुभव अर्थातच इतका कडू नाही. आपल्याला फार तर भाषेवरून टोमणे मिळतात, आणि सरकारी नोकरीचे कवच बहुतेकांस होते. तरीही नव्या गावी पहिली खोली कोणी दाखवली, पहिल्या महिन्याचा रॉकेलचा डबा कोणाकडून उसना आणला, मुलास कोणाच्या ओळखीने चिकटवले, हे आपापल्या घरी आठवून पाहावे. चिनी वस्तीतील देवळाखालची पथारी मग फार दूरची वाटणार नाही.

गेल्या हिवाळ्यात टांगऱ्यातील एका जुन्या भोजनगृहाच्या मागच्या दाराशी आम्ही तेथल्या मुख्य आचाऱ्याशी बराच वेळ बोलत होतो. तो मधुबनीकडचा. त्याचा बाप त्याच आवारात कातडी धुण्याच्या कामावर होता, आणि हा बारा-तेरा वर्षांचा असता भांडी घासण्यास लागला. मालकीणबाई आता थकल्या असून संध्याकाळी घटकाभर गल्ल्यावर येऊन बसतात. त्यांची मुले टोरांटोकडे आहेत. सोया किती, तिखटाचा सॉस कोणाच्या कारखान्याचा, तेल कधी बदलावयाचे, हे सर्व हाच ठरवतो. भोजनगृहाच्या पाटीवर चिनी अक्षरे आहेत, ती त्यास वाचता येत नाहीत. परंतु मालकिणीशी तो हक्का बोलीत चार-दोन वाक्ये बोलला, ती आम्ही ऐकली. पगाराविषयी विचारता तो हसला. मग म्हणाला की नवीन पोरे टिकत नाहीत, चार महिने शिकली की फोनवरून मागणी घेऊन घरपोच पाठवणाऱ्यांकडे जातात, म्हणून बाहेरचा माणूस ठेवावयाचा नाही असे त्याने मालकिणीस सांगितले आहे. छठनंतर त्याचा भाचा गावाहून यावयाचा होता. त्याची झोपण्याची व्यवस्था माळ्यावर केली होती आणि पहिले वर्षभर त्यास लसूण सोलावयास बसवावयाचे ठरले होते.